हात कुठे आहेत?

मी नेसरीचा. नेसरी म्हटलं की लोक लगेच १६७४ ची ती खिंड, प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार यांच्यावर येतात. आजचा विषय मात्र त्या मानाने फारच नाजूक आहे... मिठी! हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आमच्या विंगमधल्या एकाला जपानमध्ये नोकरी करायची आहे. त्यासाठी तो जपानी भाषेची परीक्षा देतोय. कान तयार व्हावा म्हणून रात्री जेवणानंतर तो जपानी मालिका लावतो आणि खाली इंग्रजी सबटायटल असल्यामुळे आम्ही सात-आठ जण फुकटात त्याच्या कॉटवर. चार-पाच मालिका झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. हिरो अचानक हिरॉइनचं मनगट धरतो, ओढतो आणि मिठी मारतो. ती बिचारी लाकडासारखी उभी. डोळे मोठ्ठे, दोन्ही हात खाली लोंबकळत. आणि मागे पियानो सुरू! न्यूटनचा तिसरा नियम तिथं साफ नापास. बल एकाच बाजूने, प्रतिक्रिया शून्य.

जपानमध्ये या प्रकारांना चक्क नावं आहेत. १९९३ च्या 'असुनारो हाकुशो' या मालिकेत ताकुया किमुराने नायिकेला पाठीमागून मिठी मारली. तिचं मन दुसऱ्यावर होतं, पण तो प्रसंग इतका गाजला की तशा मिठीला 'असुनारो-दाकी' हेच नाव पडलं. मुलीला भिंतीशी गाठून शेजारी धाडकन हात आपटायचा, तो 'काबे-दोन'. २०१४ मध्ये हा शब्द तिथं वर्षभरात गाजलेल्या दहा शब्दांत निवडला गेला. एरवी अंतर राखून, कमरेत वाकून अभिवादन करणारे हे लोक! जिथं स्पर्श एवढा दुर्मीळ, तिथं एक मिठी म्हणजे भूकंपच. पण भूकंप विचारून येत नाही, माणसाने तरी विचारावं की!

सगळे पोट धरून हसत होते. तेवढ्यात एक जण म्हणाला, "भावा, आपल्याकडं तरी काय वेगळं हाय?" खरंच की. आपल्या पिक्चरमध्येही वाट अडवणं, ओढणी ओढणं, तिच्या 'नाही'त 'हो' ऐकणं चालतंच. आमच्या गावाकडं नवरा-बायको बाजारातसुद्धा चार पावलं मागंपुढं चालतात. प्रेम कसं सांगावं हे घरात कोणी दाखवत नाही, बोलत तर नाहीच. मग पोरांचा मास्तर कोण? पडदा.

त्या शिकवणीची फी मात्र पोरी भरतात. नात्यातली माझी एक बहीण बारावीला होती. एसटी स्टँडवर एका पोराने अगदी पिक्चरसारखा तिचा हात धरला. ती जागच्या जागी गोठली, ओरडलीसुद्धा नाही. बघणारे म्हणाले, "गप्प होती म्हणजे तिच्याबी मनात असणार." महिन्याभरात तिचं कॉलेज बंद, वर्षात लग्न. तो पोरगा अजून पारावर गप्पा मारत बसतो. भीतीनेही अंग ताठ होतं, शब्द फुटत नाही, हे त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

बरं, हे आपल्या मातीला नवीन आहे का? प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये आपल्या कोल्हापुरातच सुरू झाली, पुढे पुण्याला गेली. तिने १९३७ मध्ये 'कुंकू' काढला. त्यातली शांता आपटे यांची नीरा फसवून एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली. पण ती त्याला जवळ येऊ द्यायला साफ नकार देते. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी तिचं 'नाही' हे 'नाही'च ठेवलं. शेवटी चूक उमगते ती म्हाताऱ्याला, तिला नव्हे. लग्नाच्या बायकोचा नकारही खरा, हे तेव्हा पडद्याने सांगितलं होतं!

आज कायदाही आहे. बळजबरीचा स्पर्श हा गुन्हा जुनाच. २०१३ पासून पाठलाग हाही वेगळा गुन्हा आहे, सध्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पण कलमं पाठ करून माणूस समजत नाही.

म्हणून मित्रांनो, एक सोपी टेस्ट. पुढच्या वेळी सीन आला की तिचे हात कुठे आहेत ते बघा. ते उठून त्याच्या पाठीवर आले तर ती मिठी, नाहीतर नुसती पकड. आणि खऱ्या आयुष्यात हात पुढे करण्याआधी तोंड उघडा. "चालेल का?" एवढे दोनच शब्द. उत्तर 'नाही' आलं तर सरळ कँटीनला या. चहा माझ्याकडून!