माळवलीला उतरून कार्ल्याला

शेजारच्या वहिनी जपानहून आल्या आणि होर्यूजीच्या देवळाचे फोटो दाखवून म्हणाल्या, "सातव्या शतकातलं लाकूडकाम, बरं का!" मी नुसती मान डोलावली. आठवड्यातून तीन दिवस शाळेत इतिहास शिकवते, कार्ल्याचं लेणं फळ्यावर काढून दाखवते. पण तळेगावात पंधरा वर्षं संसार करून ते पाहिलं मात्र नव्हतं! शेवटी सासूबाईंना एकवीरेची ओटी भरायची होती, तेच निमित्त झालं.

सकाळची लोणावळा लोकल धरून माळवलीला उतरलो, पुढे रिक्षा. (शक्यतो रविवार आणि चैत्रातली यात्रा टाळा. पाण्याची बाटली घ्याच.) पायऱ्या पुष्कळ, सासूबाई गुडघा धरून दर थोड्या वेळाने टेकत होत्या. देऊळ अगदी लेण्याच्या तोंडाशीच आहे. ओटी भरून आत गेलो. उन्हातून आल्यामुळे आधी काही दिसेचना. मग दोन्हीकडचे खांब, समोर स्तूप, आणि वर छताला लाकडाच्या कमानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या! वहिनींना सांगायलाच हवं.

इथे दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरली आहेत. त्यांत यवन आहेत, धेनुकाकटचा गंधी आहे, भिक्षुणी आहे. आणि महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई, भायिला, हीसुद्धा आहे. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तिचं स्वतःचं नाव लिहिलंय?"

परतीच्या गाडीत मी त्यांना त्यांचं माहेरचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सांगायला त्यांना थोडा वेळ लागला.