सुकतीचं बंदर

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभरात उरणच्या मोऱ्याला लागते, असं म्हणायचं. लागायचं की नाही ते पाणी ठरवतं. अमावास्या-पुनवेच्या सुकतीला मोऱ्याच्या धक्क्यापुढे नुसता गाळ उरतो. होड्या कुशीवर कलंडतात आणि तिकीट खिडकी बंद होते. अशा एका दुपारी मी दीड तास पायऱ्यांवर बसून काढला. मागे वलांडीवर बोंबील वाळत होते, समोर घारापुरी इतकी जवळ की डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसत होती.

मित्राने आधीच विचारलं होतं, ‘मोऱ्यात बघण्यासारखं काय आहे?’ त्याला किल्ला, वाडा, निदान एखादी पाटी हवी होती. पोर्तुगीजांच्या खुणा द्रोणागिरीवर आहेत, पण तो डोंगर चढायला हवा. मोऱ्याने दगडात फारसं काही राखलं नाही. इथे आलेला माल मुंबईला जाण्यासाठीच आलेला. मागे कोण काय ठेवणार!

मीठ गेलं, मासळी गेली, आणि दारू गेली. एकोणिसाव्या शतकात उरण बेटावर मोहाची दारू गाळण्याच्या मोठ्या भट्ट्या होत्या, बहुतेक पारशी मालकांच्या. फुलं पंचमहालाकडून यायची. पुढे 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवर निर्बंध घातले. अंगणात वाळत घातलेलं फूल गुन्हा झालं, भट्टीत उकळणारं मात्र महसूल! सरकारी नाकाला मोहाचा वास असा दोन तऱ्हांचा यायचा.

1989 मध्ये शेजारी न्हावा-शेवा बंदर झालं. त्याच्या क्रेन आता क्षितिजावर उभ्या असतात. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणची लोकल यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. आता लाँचने कोण येणार, असं तेव्हा म्हणत होते. त्या दुपारी तरी माझ्याशेजारी पाट्या घेतलेल्या तिघी होत्या, पेटीसकट एक सुतार होता आणि एक आजी होत्या. ‘आगगाडी मासळीला जागा देते का रे?’ आजींनी मलाच विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

पाणी हळूहळू परतलं. खलाशाने लाँचच्या नाळेवरून बांबू खाली खुपसला, वर काढला. काळ्या गाळाची रेघ गुडघ्याएवढी वर होती. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली आणि विडी शिलगावली.