एक जूनचा वाढदिवस

मुलांनो, तुमच्या आजोबांचा वाढदिवस एक जूनला असतो का? माझाही तेव्हाच! आमच्या इंदापूर तालुक्यात त्या काळी जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि लिहीत, १ जून. माझ्या दाखल्यावर पडलं १ जून १९६७. आई मात्र म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची, तेव्हा तू सात वर्षांचा होतास." म्हणजे दोन वर्षांचा घोळ!

मी रेल्वेत चावीवाला होतो. भिगवणच्या बाजूला ठरलेला पट्टा रोज पायी चालायचा. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या तर ठोकायच्या, बोल्ट आवळायचे. रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी घेऊन पळायचं. ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर लावायचे. चाकाखाली ते वाजले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरत. पण मान वर करायला फुरसत कुठली?

या कामात डोळ्यांइतकेच कान महत्त्वाचे. डिझेलचं इंजिन लांबूनच गुरगुरत यायचं, विजेचं मात्र गुपचूप येतं. जानेवारी २०२५ मध्ये एका सकाळी मी वाकून चावी ठोकत होतो. एकदम कुणीतरी दंड धरून ओढलं. आमच्या गँगमधला पोरगा होता. पुढच्याच क्षणी गाडी धडधडत गेली. तो म्हणाला, "काका, तीनदा हॉर्न दिला की!"

मला एकदाही ऐकू आला नव्हता.

घरी कुणाला बोललो नाही. १९९८ पासून निवृत्तीचं वय ५८ चं ६० झालंय. कागदावर माझी ३१ मे २०२७ पर्यंत नोकरी होती. धाकट्याचं शिक्षण, बारामतीच्या घराचे हप्ते... गप्प बसलो असतो, तर कुणाला कळलंही नसतं.

रात्री आईचं बोलणं आठवलं. दाखला म्हणतो सत्तावन्न. आईच्या हिशेबाने मी साठीला टेकलेलो. शरीर काही दाखला वाचत नाही! आणि मनात आलं, एका पावलाने उशीर झाला असता, तर मी एकटा गेलो असतो का? मला ओढायला आलेलं ते पोरही गेलं असतं.

सकाळी मुकादमाला खरं ते सांगितलं. बसून करायचं काम मागता आलं असतं, पण ते कुठल्या गावी मिळेल याचा नेम नव्हता. वीस वर्षं नोकरी झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तसा अर्ज दिला. भीत भीत घरी सांगितलं, तर ही म्हणाली, "हप्ते फेडू हळूहळू. तुम्ही घरी आलात ना, मग झालं!"

पुढच्या हिवाळ्यात नातीला घेऊन भिगवणला गेलो आणि मान वर करून पोटभर रोहित पाहिले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच! ती काहीतरी सांगत होती, मला ऐकू गेलं नाही. मग तिने माझ्या कानाजवळ येऊन पुन्हा सांगितलं.

तुमच्या आजोबांना दोनदा हाक मारावी लागली, तर तुम्हीही वैतागू नका हं. जरा जवळ जाऊन बोला.