खारीचा वाटा

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर ज्याला गाडी लावायला जागा मिळेल, त्याने त्याच दिवशी लॉटरीचे तिकीटही घेऊन टाकावे. वेस्टर्नपासून कॅलिफोर्निया ॲव्हेन्यूपर्यंत नुसती गर्दी. मिठाईच्या दुकानांत रांगा, काउंटरवर पणत्या आणि रांगोळीचे रंग, आणि चकलीची भाजणी शोधत फिरणारी आपली मंडळी. पण या गजबजाटातून टाल्मन किंवा वॉशटेनॉसारख्या रस्त्यावर वळलात, की दोन मिनिटांत चित्र बदलते. विटांची बुटकी घरे, पुढे हातरुमालाएवढे अंगण, फूटपाथवर पिवळ्या पानांचा सडा. आणि एखाद्या अंगणात कुणीतरी गुडघे टेकून मातीत कंद पुरत असते. शिकागोत कंद लावायचा हंगाम म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमका दिवाळीचा. हा सगळा कार्यक्रम झाडाच्या बुंध्यावर उलटी लटकून लक्षपूर्वक बघत असते ती खार.

इथल्या खारीच्या पाठीवरून रामाचा हात फिरलेला नाही. पट्टे नाहीत, अंगाने आपल्या खारीपेक्षा बरीच मोठी. एक राखाडी, पांढऱ्या पोटाची. दुसरी तांबूस पोटाची, तिला फॉक्स स्क्विरल म्हणतात. भारतातून आलेले पाहुणे ही दुसरी पाहून हमखास म्हणतात, "अरे, हे तर शेकरू!" शेकरू नव्हे, पण रंगावरून भीमाशंकरची आठवण यावी, एवढे साम्य आहे.

या खारी अमेरिकेच्या जंगलातल्या मूळ रहिवासी, पण शहरातल्या नव्हेत. १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये तीन खारी मुद्दाम आणून सोडल्या, त्यांच्या खाण्याची आणि घरट्यांची सोय केली. मग इतर शहरांनीही आपापल्या बागांत तेच केले. गंमत म्हणजे 'डेव्हन' हे नावही तिकडचेच. हा रस्ता पूर्वी चर्च रोड होता. १८८० च्या दशकात जॉन कॉक्रन या जमिनीच्या व्यापाऱ्याने फिलाडेल्फियाजवळच्या डेव्हन स्टेशनवरून त्याचे नाव बदलले. त्या काळी हा वेस्ट रिजचा भाग म्हणजे लक्झेंबर्ग आणि जर्मनीतून आलेल्यांची भाजीची शेते. शेजारच्या रॉजर्स पार्कचे लोक त्यांना चिडवताना 'कोबीची डोकी' म्हणत. पुढे ज्यू कुटुंबे आली, आणि १९७४ मध्ये पटेल बंधूंचे किराणा दुकान उघडले. तेव्हा डेव्हनवर मूळचे कोण, हा प्रश्न खारीला विचारण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे कंद म्हणजे निशिगंध, भुईचाफा, सोनटक्का. उन्हाळा तापतो, पाऊस पडतो आणि ते जागे होतात. ट्यूलिपला मात्र तीन-चार महिन्यांची सलग थंडी लागते. ती मिळाली नाही तर फूल नीट येतच नाही. म्हणून पुण्यात ट्यूलिप लावायचा तर कंद आधी फ्रीजमध्ये ठेवावे लागतात. इथे तो फ्रीज जमिनीतच आहे. कंद दिवाळीला आत जातो आणि गुढीपाडव्याच्या सुमारास डोके वर काढतो.

याच दिवसांत खारीचीही बेगमी चालू असते. ती एकेक ओकफळ वेगळ्या जागी पुरते. नुकतीच उकरलेली भुसभुशीत माती दिसली, की इथे कुणीतरी काहीतरी पुरले आहे, हे ती ओळखते. नाक तिखट. ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद तिला आवडतातही. धोका असतो तो मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. एकदा जमीन गोठली, की तिचे पंजे चालत नाहीत.

यावर डेव्हनच्या परिसरात जितकी कुंपणे तितके उपाय ऐकायला मिळतात. आपला आवडता उपाय लाल तिखटाचा. डेव्हनवर तिखटाला काय तोटा! पण एक पाऊस पडला की ते वाहून जाते, आणि तोवर ते खारीच्या डोळ्यांत आणि वारा फिरला तर आपल्याही डोळ्यांत जाते. पिंजरा लावून खार लांब सोडून यायचा विचार करू नये. इलिनॉयमध्ये त्याला सरकारी परवाना लागतो, शिवाय रिकाम्या जागी दुसरी खार येतेच.

खरा उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. ट्यूलिप वीतभर खोल लावावा. कंदांची गळलेली सालपटे वेचून टाकावीत, कारण त्यांच्या वासाने खारीला पत्ता लागतो. माती दाबून पाणी घालावे. त्यावर इंचभर भोकांची कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरून कडा मातीत खुपसाव्यात आणि वर पाने पसरावीत. वसंतात कोंब त्या भोकांतून वर येतात. थोडेच कंद असतील तर बासमतीची रिकामी गोणी आणि चार विटा पुरतात. जमीन गोठली की गोणी काढून घ्यायची. हाडांचे खत मात्र टाळावे, त्याच्या वासाने उकरणारे वाढतात.

त्याहून सोपे म्हणजे खारीला न आवडणारे कंद लावणे. डॅफोडिल विषारी असतो, त्याला ती तोंड लावत नाही. (म्हणूनच ते कंद स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवू नयेत; दिसायला फार सारखे असतात.) दुसरा अ‍ॅलियम, म्हणजे आपल्या कांद्या-लसणाचा शोभिवंत चुलतभाऊ. खुद्द 'शिकागो' हे नावही इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या रानलसणाच्या नावावरून आले आहे. ज्या गावाचे नावच लसणावरून पडले, तिथे खारीला आणखी काय सांगायचे?

टाल्मनवर आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. रोज सकाळी पायरीवर मूठभर शेंगदाणे ठेवायच्या. खारी ते उचलून घरमालकाने आम्हाला दिलेल्या वाफ्यात नेऊन पुरायच्या. परतीच्या आठवड्यात त्यांनी त्याच वाफ्यात ट्यूलिप आणि डॅफोडिल लावले. सकाळी बघतो तर निम्मे ट्यूलिप उकरलेले. मी चिडले, तर म्हणाल्या, "अगं, तिला काय ठाऊक दाणा कुठला नि फूल कुठलं? सहा महिने मीच शिकवलंय तिला, या मातीत खाऊ असतो म्हणून." मग उरलेल्यांवर जाळी घातली आणि विमानतळावर निघेपर्यंत दोनदा जाऊन ती तपासली. फुले त्यांनी एप्रिलमध्ये फोटोत पाहिली. पुढे त्यांना एवढा प्रवास झेपला नाही.

ट्यूलिप दोन-तीन वर्षांत विरत गेले. डॅफोडिल मात्र वाढत गेले. आम्हीही इतरांसारखे आधी डेव्हनजवळ, मग लांबच्या उपनगरात गेलो. त्या घरात आता दुसरे कुटुंब राहते. पाडव्याच्या खरेदीला आलो की मी एक फेरी टाल्मनवरून मारते. पायरीजवळ पिवळी रांग असते. ती कुणी लावली, हे त्या घरात कुणाला माहीत असण्याचे कारण नाही.

खारही पुरलेली सगळी ओकफळे परत शोधत नाही. जी राहून जातात, त्यांतली काही रुजतात, आणि त्या झाडाच्या सावलीत ती खार कधीच बसत नाही. डेव्हनच्या आसपास पहिली काही वर्षे काढून पुढे गेलेल्या आपल्यातल्या अनेकांचेही असेच काही ना काही तिथे मागे राहिले असेल.

तेव्हा या दिवाळीत फराळ आटोपला, की लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज यांच्यामधला एखादा तास काढा. पन्नास कंद लावायचे असतील तर साठ आणा. चाळीस डॅफोडिल आणि अ‍ॅलियम, जाळीखाली दहा ट्यूलिप, आणि कुंपणापाशी, जाळीशिवाय, उरलेले दहा. तो वाटा तिचा.