मरीचीपासून साडेतीन अंश

एप्रिलची अमावस्या असली तरी नेरूळच्या गच्चीवरून सप्तर्षींतले सातही तारे दिसतील याची खात्री नसते. पाम बीच रस्त्याचे दिवे, खाडीवरची दमट हवा, उत्तरेला वाशी-तुर्भ्याची उजळलेली कड. शेपटीच्या टोकाचा मरीची मात्र सापडतो. तिपाई समतल केली की मी आधी तोच शोधतो. स्मार्ट दुर्बिणीला त्याची गरज नाही. ती आकाशाचा फोटो घेते, ताऱ्यांच्या ठेवणीवरून दिशा ओळखते आणि आपणहून एम ५१ कडे, भोवरा दीर्घिकेकडे वळते. पण मरीचीपासून जेमतेम साडेतीन अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढ्या अंतरावर ती आहे, हे मला ठाऊक असायला हवं. नाहीतर मोबाइलवर उमटलेलं चित्र कुठल्या आकाशातलं, ते कसं कळणार?

हीच दीर्घिका मी पूर्वी वांगणीच्या अंधारात आठ इंची दुर्बिणीतून पाहिली होती. नजर किंचित बाजूला ठेवली की धुक्याचे दोन ठिपके दिसत, एक तिचा, दुसरा शेजारच्या छोट्या दीर्घिकेचा; भुजा नाहीत. फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिएला १७७३ मध्ये ती अंधूकच दिसली. सर्पिल आकार १८४५ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी ओळखला, सहा फुटी आरशातून.

माझ्या या स्मार्ट दुर्बिणीचं भिंग ५० मिलिमीटरचं. भुजा दिसतात त्या वेळेच्या जोरावर. दहा सेकंदांच्या एका फ्रेममध्ये शहराचा करडा उजेडच जास्त. फ्रेमवर फ्रेम चढत गेली की दीर्घिकेचा प्रकाश दर वेळी त्याच जागी पडतो, चित्रातली खरखर मात्र कुठेही उमटते आणि सरासरीत विरते. पंधरा मिनिटांत एका बाजूला वळण जाणवतं. तासाभराने धुळीच्या काळ्या रेघा. पण चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर वेळ चौपट लागतो; या हिशेबातून सुटका नाही.

सुरुवातीला मी प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर लावून ठेवत असे आणि चित्र फिकं का, म्हणून खट्टू होई. तो फिल्टर हायड्रोजन-ऑक्सिजनच्या मोजक्या रंगरेषाच आत सोडतो. तेजोमेघांना उत्तम, दीर्घिकेचा उजेड मात्र ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. तोच अडतो. आता दीर्घिकेसाठी मी तो काढतो आणि शहराचा उजेड सोसतो. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर विमानांच्या रेघाही आल्या. त्या फ्रेम मी सकाळी एकेक पाहून वगळतो. हे काम मी यंत्रावर सोडत नाही.

शेजारच्या छोट्या दीर्घिकेच्या ओढीने भोवऱ्याच्या दोन भुजा इतक्या ठसठशीत झाल्या, असं मानतात. अशी ठेवण बसायला वेळ लागणार; म्हणूनच पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून शोधलेल्या ‘अलकनंदा’ दीर्घिकेची बातमी वाचून मी हललो. तिच्याही भुजा दोन, नीटस. पण प्रकाश बारा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. विश्व दीडेक अब्ज वर्षांचं असताना अशी घडी बसली कशी? माझ्या गच्चीवरून ती कधीच दिसणार नाही. भोवऱ्याच्या भुजा पाहताना हा प्रश्न मात्र आता सोबत असतो.

काल अडीच तासांच्या फ्रेम जमल्या. भोवरा आणि शेजारची छोटी दीर्घिका यांना जोडणारा पूल नुसता जाणवतो आहे. आज आभाळ मोकळं आहे. आणखी दीड तास चढवायचा आहे.