कोलकात्याचा वेणीचा पाव

कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये कपड्यांची आणि पर्सची दुकाने ओलांडून आत गेले की नाहूम अँड सन्स ही बेकरी लागते. बगदादी ज्यू समाजातल्या नाहूम इस्राईल मोर्देकाई यांनी १९०२ मध्ये हा धंदा सुरू केला. लोक येथे प्लम केकसाठी रांग लावतात. आम्ही मुद्दाम शुक्रवारी गेलो, वेणी घातलेल्या एका पावासाठी. त्याला खल्ला म्हणतात.

खल्ला हा शब्बाथचा पाव. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री संपतो. तेवढा वेळ काम बंद, चूलही पेटवायची नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राईल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पाव अर्थातच शुक्रवारी भाजून ठेवावा लागतो. जेवणाला दोन पाव कापडाने झाकून मांडतात. हजरत मूसा (अलै.) यांच्या कौमला वाळवंटात मिळालेल्या ‘मन्न’ची ही आठवण, शब्बाथच्या आदल्या दिवशी ते दुप्पट मिळे, असे ज्यू मानतात. मन्न व सलवाचा उल्लेख कुरआनात असल्याने ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

या बेकरीतले बहुतेक कारागीर मात्र मुसलमान आहेत. शहरातल्या मागेन डेव्हिड या १८८४ च्या सिनेगॉगची देखभालही मुस्लिम कुटुंबेच पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ज्यूंच्या मुलींच्या शाळेत आज बहुसंख्य मुली मुस्लिम आहेत. एके काळी येथे काही हजार ज्यू राहत. स्वातंत्र्यानंतर बहुतेक परदेशी गेले, आता मूठभर उरलेत. मालक दूर गेला तरी त्याची ठेव जपायची, यालाच आपण अमानत म्हणतो.

आज बातम्यांत या दोन कौमांची नावे रक्तपाताशिवाय एकत्र येत नाहीत. फलस्तीनचे दुःख आपल्या काळजात आहेच. पण कोलकात्यातल्या या साध्या माणसांनी शेजाऱ्याचे प्रार्थनाघर राखले, त्याचा पाव भाजला, हेही तितकेच खरे आहे. आपल्या मुलांना दोन्ही गोष्टी ठाऊक हव्यात.

घरी आल्यावर आम्ही हा पाव करून पाहिला. अर्धा किलो मैदा, ७ ग्रॅम ड्राय यीस्ट, पाव कप साखर, दीड छोटा चमचा मीठ, २ अंडी, पाव कप तेल आणि लागेल तसे कोमट पाणी. दूध-लोणी घालायचे नाही. ज्यू लोक मांसासोबत दुधाचे काही खात नाहीत आणि हा पाव मांसाच्या जेवणातही चालावा लागतो. पीठ १० मिनिटे मळून दीड तास झाकून ठेवावे. फुगले की दोन भाग करावेत. प्रत्येक भागाच्या तीन लांब वळ्या करून वेणी घालावी. केसांची वेणी घालणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही. आमच्या मुलींनी ते काम पटकन उरकले. पाऊण तासाने वरून फेटलेले अंडे लावून तीळ पेरावेत आणि १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला.

पाव दोन होतात. एक घरी ठेवावा, दुसरा गरम असतानाच शेजारी द्यावा.