कृष्णाकाठचा रविवार

'सांगलीत बघायला आहे काय?' हा प्रश्न पुण्या-मुंबईत विचारलात तर तीन उत्तरं मिळतील : हळद, द्राक्षं आणि पूर. चौथं उत्तर शोधायला मी एका शनिवारी रात्री कुपवाडला मैत्रिणीकडे जाऊन थडकले. ती इथल्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आठवडाभर शिफ्ट, रविवारी झोप. 'एकच रविवार मिळतो गं,' असं कुरकुरत का होईना, तिने सकाळी आठला स्कूटी बाहेर काढली.

आधी एक खुलासा. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. त्यातल्या मिरजेला सतारी आणि दवाखाने मिळाले, कुपवाडला कारखाने आणि सांगलीला नदी. त्यामुळे कुपवाडकराला पाणी बघायचं तर गाडीला किक मारावीच लागते. पण अर्ध्या तासाच्या आत तुम्ही गणपती मंदिराच्या आवारात असता. काळ्या दगडातलं हे देऊळ चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी बांधलं. याच राजांच्या आश्रयाने 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं आणि मराठी नाटकाची सुरुवात झाली. म्हणजे तुम्ही मल्टिप्लेक्सच्या कॅफेत बसून प्रायोगिक नाटकावर जे काही बोलता, त्याचं मूळ इथे आहे.

देवळातून चालत घाटावर. सकाळी इथे पोहणारे काका, कपडे धुणाऱ्या बायका आणि काहीही न करणारे आपण. समोर आयर्विन पूल, 1929 चा, दगडी कमानींचा. याच नदीत 1943 च्या जुलैमध्ये तुरुंग फोडून पळालेल्या क्रांतिकारकांनी उड्या घेतल्या होत्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गेले, वसंतदादा पाटील गोळी लागून जखमी झाले. पुढे मुख्यमंत्री झालेल्या दादांचं स्मारकही नदीकाठीच आहे. मी फोटो काढत होते. मैत्रीण मात्र पुलाकडेच बघत होती. 'पुलाजवळ फुटांची पट्टी आहे ना, आम्ही ती वाचत मोठे झालो,' ती म्हणाली. '40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 ला 57 च्या वर गेलं.'

तिथून हरिपूर, चार-एक किलोमीटर. इथे वारणा कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. 'शारदा' त्यांनी इथल्या पारावर बसून लिहिलं, असं गावात सांगतात. आम्ही त्याच हवेत अर्धा तास नुसत्या बसलो. मोबाइलला हात न लावता, हेही नमूद करते.

पण हरिपूरची खरी चीज जमिनीखाली आहे. पेवं! गावाच्या आसपास जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायची पद्धत होती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि खाली पोट मोठं. इथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही आणि रंगही उतरत नाही. ना वीज, ना एसी, ना औषधफवारणी. आत हवा नसल्याने कीड जगत नाही, पण त्याच कारणाने माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच ठेवायचं, कंदील सोडून बघायचा आणि मगच आत उतरायचं. 2005 च्या पुरात यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली आणि हळद वाया गेली. मग व्यापारी गोदामांकडे वळले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं, पेवं मात्र मातीत बुजत चालली आहेत.

जेवायला मैत्रिणीच्या घरी, सांगलीच्या जुन्या भागात. कृष्णाकाठची वांगी म्हणजे काय, हे हॉटेलात कळत नाही. काकूंनी भरलेली वांगी, ज्वारीची भाकरी, खर्डा आणि दही पुढे ठेवलं. 'लाजू नको, घे की अजून एक,' असं करत तीन भाकऱ्या झाल्या. हात धुवायला गेले तेव्हा भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, पेन्सिलची एक रेघ दिसली. बाजूला '2019' आणि त्याखाली थोडी बुटकी '2021'. रंग दोनदा दिला, पण काकूंनी रेघा दरवेळी राखल्या.

2021 नंतर मुलीने कुपवाडला, उंचावर, फ्लॅट भाड्याने घेतला. आता एक विकत घेतेय आणि त्यासाठी हे घर विकावं लागणार. गिऱ्हाईकही आलं आहे. माझ्यासमोरच विषय निघाला.

'आई, पुढच्या जुलैला परत गाद्या वर उचलायच्या का?'

'दरवर्षी येतं का पाणी? आणि तिथं कुणाच्या दारात बसू मी? लिफ्टच्या?'

दोघींचंही पटत होतं, म्हणून मी ताकच पीत राहिले.

संध्याकाळी पुन्हा घाटावर. काकूही आल्या, त्या रोजच येतात. भडंगाचा कागदी कोन, लसूण आणि शेंगदाण्यांसकट, आणि पाण्यावर उतरतं ऊन. (भडंग घरी न्यायचं असेल तर जास्तीचं घ्या, एसटीतच अर्धं संपतं. आणि यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या.) काकूंनी पायरीवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले. मैत्रीण वरच्या पायरीवर, बूट न काढता उभी. थोड्या वेळाने तिने फोन बघितला. गिऱ्हाइकाचा मेसेज होता, उद्या सकाळी टोकन घेऊन येतो म्हणून.

'काय म्हणतोय?' काकूंनी मागे न बघता विचारलं.

'सांगते नंतर,' ती म्हणाली आणि बुटांच्या लेस सोडायला खाली बसली.